शनवारचं तेल

रविवार, ३ जानेवारी १९६५

रातभर डोळ्याला डोळा न्हाय. जीप आंगनात हुबी हाय, गप हाय, तरी तिचं वरडनं कानातनं जात न्हाय. माज्या बिरूला पोटाशी धरून बसले. वाटतंय ती आपुनहून परत चालू हुईल.

काल येळवस, अवसेला रानात जेवायचा सन. आमी सगळी जीपमधनं शेतात गेलो. आंबिलानं भरलेलं बिंदगं माज्या मांडीवर, बिरू माज्या सासूच्या, आत्याबाईच्या मांडीवर. दिवस चांगला गेला. भज्जी-भाकर खाल्ली, बिरूनं आंबिल तोंडाला फासलं, सगळी हसली. ऊन हाय तवरच परत आलो.

ह्यांनी आंगनात जीप लावली आन बंद करायची तार वडली. न्हेमी तार वडली की डिझेल तुटतं आन जीप गप हुती. काल झाली न्हाय. उलट आवाज चढाया लागला. पाय कुनाचाच न्हाय तिच्यावर, हे तर खाली उतरले व्हते— आन ती चढतच चालली. निळा धूर सगळ्या आंगनात. पत्रा हालाया लागला. म्होरं बांधलेली एडक्याची घंटा आपुआप वाजाया लागली. कोंबड्या कुठं गेल्या कळलं न्हाय.

हे हात जोडून हुबे. "बिरोबा, बिरोबा" म्हनत. आत्याबाई भुईवर आडव्या. आन बिरू जीपच्या फुडं, मातीत बसलेला, तोंड उघडं, पन त्याचं रडनं ऐकू येईना.

मला धुळाप्पाचं बोलनं ध्यानात आलं. धुळाप्पा माजा भाऊ. बार्शीला एस्टीच्या डेपोत मिस्त्री हाय. दिवाळीला आला तवा म्हनला व्हता, "तारा, डिझेलचं इंजिन कधी येड्यावानी पळाया लागलं तर भिऊन पळू नको. त्याचं नाक दाब. हवा तुटली की मरतंय." नाक म्हंजी बोनेटखालचा काळा गोल डबा. त्यातनं ती हवा वडती.

बिरूची गोधडी रांजनात बुचकळली. बोनेट उघडलं आन वली गोधडी त्या डब्याच्या तोंडावर आवळून धरली. हातातनं वडून घेत व्हती ती. म्या सगळं अंग टाकलं वरून. मग ती खोकली, हादरली आन मेली.

तवा बिरूचं रडनं ऐकू आलं.

हे म्हनले, "कशाला दाबलंस? देव आला व्हता."

म्या म्हनले, "बिरू म्होरं बसला व्हता. दिसला न्हाय का देवाला?"

दोघांनी माज्याकडं बघितलं ते काय चांगलं न्हाय बघितलं.

सोमवार, ४ जानेवारी

बायकांची रीघ. खालच्या वस्तीवरनं गोरोबाची आय नारळ घेऊन आली. "तुमच्या जीपच्या अंगात आलं म्हनं." आत्याबाईंनी चाकांना हळद-कुकू लावलं, लिंबू बांधलं.

हे मला म्हनले, "बघ. तुज्या भावाच्या एस्टीला कुनी नारळ फोडतंय का?"

"दसऱ्याला फोडत्यात की."

"दसऱ्याला काय, इळ्या-कोयत्याला बी फोडत्यात."

हसले. मला बी हसू आलं. मानूस वाईट न्हाय. पन मनातनं भ्याले हायत, मला कळतंय. आज जीप घेऊन बाजाराला गेलेच न्हाईत.

बुधवार, ६ जानेवारी

आज बिरू लवकर निजला म्हनून लिवते. मी चौथी शिकले. ही वही रजियाबीनं दिली. ती बांगड्या घेऊन वस्त्या-वस्त्या फिरती, तिच्या भावाची, पाशामियाँची, येडशीला अडत हाय. तिथली कोरी वही. "अगे बेटी, तेरेकू लिखना आता ना? लिख, दिल हलका होतंय," म्हनली. तिला सोताला अक्षर येत न्हाय. वही मी ज्वारीच्या कनगीमागं ठिवते. घरात कुनाला ठाव न्हाय.

आमचं मेंढरं राखायचं घर. ह्यांचा सगळा जलम कळपामागं गेला. मग मागल्या साली कळप इकला आन जीप घेतली. मिलिटरीच्या लिलावातली जीप. तिचं मूळ पेट्रोलचं इंजिन काढून सोलापुरात कुनी डिझेलचं बसवलेलं. डिझेल स्वस्त, म्हनून. धुळाप्पानं बघितली तवाच म्हनला, "दाजी, धड एकीचं, काळीज दुसरीचं. घेऊ नका." ह्यांना राग आला. "एस्टीचा नोकर तू, तुला दुसऱ्याची गाडी बघवंना व्हय?" तवापासनं दोघं बोलत न्हाईत.

आता जीप बाजाराची मानसं नेती कळंबला. दवाखान्याचं मानूस असलं की धाराशिव. नवरा-नवरी असली की फुकट बी नेत्यात हे. तिला एडक्यावानी हाका मारत्यात— हुर्रर्र, हुर्रर्र. म्होरक्या एडक्याची घंटा इकली न्हाय, जीपला बांधली. सकाळी बोनेटवर थाप मारल्याबिगर बसत न्हाईत.

चालवनं ह्यांचं. बाकी माजं. डिझेल फडक्यातनं गाळनं माजं, न्हाय तर कचरा जाऊन अडतंय. काडी बुडवून इंजिनातलं तेल बघनं माजं. बिरेक लागाया ह्यांना दोन-तीनदा पाय मारावा लागतो, ते नीट करनं मातर मला जमत न्हाय. धुळाप्पानं दिवाळीला सगळं शिकवलं, हे बाजाराला गेले व्हते तवा. म्या कुनाला सांगितलं न्हाय कुनी शिकवलं. हे समजत्यात मला आपसुक येतं. म्हनत्यात, "माज्या बायकोला मुक्या जनावराचं कळतंय."

पन त्या दिवशी ती का पळाली, ते मला कळंना.

गुरुवार, ७ जानेवारी

थंडी लई. जीपच्या पोटाखाली शेनकुटाची आगटी ठिवली तवा चालू झाली. धुळाप्पा बघता तर वरडला असता. गोधडी मी पाठीमागल्या फळीखाली वली करून ठिवली. हे म्हनले, "ही कशाला?" म्हनलं, असू द्या.

शनिवार, ९ जानेवारी

कळलं. देवा, कळलं.

आज हे जेवाया बसले व्हते. मी बिरूचं दुपटं वाळू घालाया आंगनात आले. आत्याबाई जीपपाशी. बोनेट उघडं. न्हाऊन, वलेत्यानं. त्या काळ्या डब्याचं टोपन काढलेलं आन हातात वाटी. डब्यात एक कटोरा असतो, त्यात थोडं तेल असतं. हवा त्या तेलावरनं जाती, धूळ तेलात बसती, साफ हवा इंजिनात. धुळाप्पानं दावलं व्हतं— कटोऱ्यावर खूण हाय, तेल खुनंच्या वर जाता कामा नये.

आत्याबाईंनी अख्खी वाटी वतली. करडीचं तेल.

"आत्याबाई, ह्ये काय?"

"शनवार न्हाय का. देवाच्या समईत घालत न्हाय का आपन? हिची बी समईच की. बघ, वात तेवढी न्हाय."

"कवापासनं घालताव?"

"दारात आली तवापासनं. पळीभर घालत व्हते. येळवसला सन म्हनून वाटी घातली. आन तेवढ्यावर बी कोपली बाई. माजंच कायतरी चुकलं असंल. म्हनून आता दर शनवारी वाटीच."

म्हंजी जितकं भ्याव, तितकं तेल. आन जितकं तेल—

त्या आत गेल्या तशी म्या कटोरा काढला. काठोकाठ. खुनंपर्यंत ठिवलं, बाकीचं आगटीच्या राखंत वतलं. देवाचं तेल हाय ह्ये मला बी कळतंय.

सोमवार, ११ जानेवारी

ह्यांना सांगितलं. आंगनात दोघंच व्हतो. हे चाकाला हवा मारत व्हते.

"आयनं तेल घातलं म्हनून गाडी पळाली?"

"व्हय. जास्तीचं तेल नाकात जातंय. मग इंजिन तेच पितंय. तुमी डिझेल तोडलं तरी तिला गरजच न्हाय डिझेलची."

"मारुतीला सगळं गाव तेल घालतंय. मारुती पळाला का?"

"मारुतीला इंजिन न्हाय."

हसले. मग हवेचा पंप खाली ठिवला. म्हनले, "बा घाटात गेला माजा. मेंढरं घेऊन उतरत व्हता, टरक आला. तवापासनं आय रस्त्याला भिती. मी जीप घेतली तवा तिनं एक शबुद काढला न्हाय. तेल घालती, तेवढंच. तेवढं बी काढून घेऊ तिचं?"

म्या म्हनले, "घालू द्या. मी मागनं काढत जाईन."

"काढ. पन तिला दिसू दिऊ नको."

म्हंजी ह्यांनी मानलं बी आन न्हाय बी.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. धुळाप्पा आला! एस्टीनं फाट्यावर उतरून चालत. बिरूला हलव्याचे दागिने, मला लुगडं. हे कळंबला मानसं घेऊन गेले व्हते, दुपारी जीप रिकामी लावून गोरोबाकडं गेले, तेवढ्यात आला म्हनून बरं. तोंडाला तोंड लागलं न्हाय.

त्याला सगळं सांगितलं. एस्टीतला मानूस, हसंल वाटलं. हसला न्हाय. जीपखाली शिरला, बिरेक बघितला, परत आला तवा तोंड उतरलेलं.

"सपाटीवर एकवेळ निभंल तारा. आंगनात तर तू हायस. पन घाटात लागली तर? उतारावर कटोरा कलंडतो. तेल सगळं एकदम आत. गेरमधी असताना इंजिन पळालं तर चाकं बी पळनार. आन ह्यो बिरेक तिला धरनार न्हाय."

"मग काय करायचं?"

"तवा काय करायचं न्हाय. आदीच करायचं. निघताना कटोरा बघायचा. रोज. तेवढंच."

मग पिशवीतनं तांबड्या रंगाची डबी काढली आन खुनंवर जाड तांबडी रेघ वडली. "आंधळ्याला बी दिसंल आता." जाताना म्हनला, "काय बी झालं तर डेपोत फोन कर. मी दिवसपाळीला हाय." म्या म्हनले, फोन कुठनं करू रे? म्हनला, येडशीला पाशामियाँच्या अडतीत हाय की. त्याला माजं नाव सांगितलं की बास.

बिरूच्या डोस्क्यावरनं हात फिरवला. "जावळ कवा? मामाची मांडी तयार हाय."

शुक्रवार, १५ जानेवारी

आत्याबाई सकाळी कटोरा बघून आल्या. खूश. "आता कसं. तुज्या भावानं बी शेंदूर लावला."

शनिवार, १६ जानेवारी

घावले.

आत्याबाईंनी तेल घातलं, आत गेल्या. म्या कटोरा काढून राखंत वतत व्हते. मागं वळले तर त्या दारात. वाटी इसरली म्हनून आल्या व्हत्या.

वरडल्या न्हाईत. वरडल्या असत्या तर बरं झालं असतं. भुईवर बसल्या. "देवाचं तेल राखंत वतलीस? माज्या लेकाच्या जिवासाठी घालते मी. तुजा बी तो कुंकवाचा धनी हाय ना?"

म्या सांगितलं. सगळं. नाक, हवा, कटोरा, रेघ. त्या ऐकत व्हत्या का न्हाय कुनाला ठाव. शेवटी म्हनल्या, "तेल घातल्यानं कुनाचं वाईट झालं ह्ये मी जलमात ऐकलं न्हाय. वतल्यानं झाल्यालं ऐकलंय."

हे आले. त्यांनी दोघींच्या तोंडाकडं बघितलं. आय रडती हाय म्हनल्यावर झालं. "आजपासनं तू जीपला हात लावायचा न्हाय."

"मग डिझेल कोन गाळनार?"

"मी बघून घेतो."

"कटोरा?"

"बघून घेतो म्हनलं ना."

माज्याकडं बघितलं न्हाय.

रविवार, १७ जानेवारी

डिझेल न गाळता वतलं. फाट्यापर्यंत बी नीट गेली न्हाय, धक्के मारत आनली. मी चुलीपाशी बसून ऐकलं.

मंगळवार, १९ जानेवारी

बिरूचं जावळ येत्या रविवारी. घाटाखाली बिरोबाचं ठानं हाय, नवस तिथला. जीपमधनं जायचं. आत्याबाई म्हनल्या, "जीपचा बी नारळ तिथंच फोडू, म्हंजी शांत हुईल."

मी म्हनले, धुळाप्पाला निरोप धाडा, मामाच्या मांडीवर बसवाया लागतं.

हे म्हनले, "तेरहून महांतप्पाला घेऊ. तो बी तुला भाऊच लागतो."

महांतप्पा माज्या आतेच्या दिराचा लेक. लग्नात एकदा बघितला. मांडीचं मला एवढं न्हाय. महांतप्पाच्या मांडीवर बसू दे, कुनाच्या बी बसू दे. मला घाटाचं हाय.

माजं म्या ठरवलंय. मी जीपमधी बसनारच हाय. निघायच्या आदी बोनेट उघडीन, सगळ्यांच्या देखत, मारलं तरी चालंल. आन गोधडी पायापाशी ठिवीन.

शुक्रवार, २२ जानेवारी

पानी आनताना कळलं. बाजूला झाले. आजच व्हायचं व्हतं.

मेंढराच्या रिकाम्या कोठ्यात बसलेय. चार दिस कशाला शिवायचं न्हाय. ठान्याला जायचं तर नावच न्हाय. वही आदीच पदराखाली आनली म्हनून लिवता तरी येतंय. आत्याबाई लांबनं भाकर ठिवून गेल्या. वाईट न्हाय बोलल्या. "देवाची मर्जी. बिरूला मी नेते, तू काळजी करू नको. अंगावरचं पेत न्हाय आता लई, भात कालवून नेते."

बिरू मातर माज्यापाशीच निजला. लेकराला इटाळ न्हाय.

शनिवार, २३ जानेवारी

कोठ्याच्या दारातनं आंगन दिसतंय. सकाळी त्यांनी जीप धुतली. ह्यांनी आंब्याची पानं बांधली. घंटा घासली. बिरू टाळ्या वाजवतोय.

आत्याबाई न्हाऊन आल्या. आज वाटी न्हाय. डबा. अख्खा डबा घेऊन आल्या तेलाचा. बोनेट उघडलं.

म्या दारातनं हाक मारली, "आत्याबाई, नका. उद्या घाट हाय. बिरू बसनार हाय तिच्यात."

"बिरू बसनार म्हनूनच घालते बाई."

"रेघंच्या वर नका घालू. एवढं तरी ऐका. धुळाप्पाची रेघ हाय ना, तांबडी, तेवढंच."

"शेंदराच्या खाली तेल ठिवत्यात का कुठं? शेंदूर भिजला पायजे."

त्यांच्या डोळ्यात पानी व्हतं. माज्या बी. दोघी बी एकाच लेकरासाठी रडत व्हतो आन मधी आंगन.

मग त्यांनी मागली फळी उचलली, गोधडी दिसली. म्या पंधरा दिसाआदी ठिवलेली, वली करून. काठीनं उचलून कोठ्याकडं टाकली. "इटाळाची गोधडी देवाच्या गाडीत?" म्या ठिवली तवा मी बाजूला नव्हते. पन आता काय.

हे दिवसभर घरी न्हाईत, नारळ-बत्तासे आनाया गेलेत. आले की सांगीन. न्हाय ऐकलं तर पहाटं मीच उठून कटोरा सांडीन. इटाळ लागू दे जीपला. लागंल ते पाप मला लागंल.

रविवार, २४ जानेवारी

न्हाय जमलं.

कालच हे आले तवा लांबनंच सांगितलं. म्हनले, "बघतो." मग जीप घेऊन खालच्या वस्तीवर गेले, मारुतीच्या म्होरं लावली. देवाला दावून तिथनंच निघायचं म्हनं. माजी पहाट वायाच गेली. आंगन रिकामं.

दिवस उगवल्यावर आत्याबाई बिरूला न्ह्यायला आल्या. नवी कुंची, काळा तीट. मी मुका घेतला. तो माज्या बांगड्या धरून सोडंना. हे वाटंत हुबे व्हते.

"कटोरा बघितला का?"

"बघितला."

"रेघंच्या खाली हाय?"

मागं वळले. म्हनले, "तारा, आज आयचा दिवस हाय. आज नको." आन गेले.

बघितला म्हनले. म्हंजी बघितला. भरलेला बघितला.

आदी तेरला जानार, महांतप्पाला घ्यायला. तिथं चहा-पानी, ओवाळनं. मग परत ह्याच अंगानं घाटाकडं. म्हंजी दुपार.

घंटा ऐकू येती तवर मी दारातच हुबी व्हते.

रविवारच

रजियाबी आली. बांगड्या घेऊन सहज आली. मला बघून टोपली खाली ठिवली. "क्या हुआ बेटी?" सगळं सांगितलं. म्हनली, "मै बोलती जाके भाई को." पन ती भ्याली की अर्धं इसरती, आन कटोरा-रेघ तिला काय समजनार. म्हनून ही वही तिच्या हातात देते. ती येडशीला पाशामियाँच्या अडतीत जाईल. पाशामियाँ नसले तर तिथं जो कुनी हे वाचंल त्याला सांगते. मागलं वाचू नका. एवढंच वाचा.

मी तारामती. मालकाचं नाव आजवर तोंडानं घेतलं न्हाय, आज लिवते— सिदू. हिरवी जीप, म्होरं एडक्याची घंटा, आंब्याची पानं. आत माजा बिरू हाय.

मी मेंढराच्या वाटंनं डोंगरातनं सरळ घाटमाथ्यावर चाललेय, वली गोधडी घेऊन. रस्त्यात आडवी हुबी राहीन. पन इटाळशी बाईसाठी देवाची गाडी थांबवतील का न्हाय, ते मला ठाव न्हाय.

बार्शीच्या एस्टी डेपोत फोन करा. माजा भाऊ धुळाप्पा मिस्त्री, त्याला बोलवा. म्हनावं, वर येनाऱ्या पयल्या एस्टीत बस, आन घाटात घंटेची जीप दिसली की एस्टी आडवी लावाया सांग. म्हनावं, कटोरा रेघंच्या वर काठोकाठ हाय आन गोधडी गाडीत न्हाय. त्याला कळंल.

वही परत नको. आदी फोन करा.